जुन्या तारा आधी काउंटरवर

माझं आजवरचं सगळ्यात मोठं नुकसान जिच्या हातून झालं, तिच्यावरच माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे. हे ऐकून माझी बहीण मला वेड्यात काढते. काढू दे. मी मुळात काळजीखोर बाई, घराबाहेर पडताना कुलूप तीनदा ओढून बघणारी. माझ्यासारखीचा भरवसा असा सहजासहजी बसत नाही, आणि बसला तर त्याला कारण असतं.

तिला आमच्या भागात सगळे वॉटमावशी म्हणतात. चष्म्याचं दुकान आणि शिंप्याचं दुकान यांच्या मधे एक अरुंद खोली आहे. पूर्वी तिथे सायकली दुरुस्त व्हायच्या, भिंतीला अजून टायर टांगायचे आकडे आहेत. त्या आकड्यांवर आता वायरींची भेंडोळी लटकतात आणि खाली ती बसते. वय अठ्ठावन्न, केस आखूड कापलेले, अंगात खिशांचा निळा अ‍ॅप्रन, गळ्यात दोरीला अडकवलेले दोन चष्मे, एक लांबचा आणि एक जवळचा. गिऱ्हाईक बंद पडलेला कॉम्प्युटर घेऊन आलं, की "काय झालंय?" विचारायच्या आधी ती "किती वॉट?" विचारते. नाव पडलं ते त्यावरून. तिला ते आवडतं की नाही, हे तिने कुणाला कळू दिलेलं नाही.

दुकान काढायच्या आधी एकोणीस वर्षं ती ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात होती. लोखंडी गाभ्यावर तांब्याची तार गुंडाळायची, अमुक इतके वेढे, एक कमी नाही, एक जास्त नाही. यंत्रावरचा आकडा दाखवणारा काटा एकदा बिघडला तो दोन वर्षं कुणी दुरुस्त केला नाही. तेव्हा ही तोंडाने मोजायची. शेजारणीशी बोलायचं आणि मोजायचंही. "सुनेची तक्रार ऐकता ऐकता सातशे वेढे व्हायचे," ती सांगते, "पण माझी एक गुंडाळी परत आली नाही." कारखाना बंद पडल्यावर बाकीच्या बायकांनी जमेल ते काम धरलं. हिने भंगारवाल्याकडून मेलेले पॉवर सप्लाय पोत्याने आणले. पॉवर सप्लाय म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला तो लोखंडी डबा, दुकानदार ज्याला एसएमपीएस म्हणतात. भिंतीतली वीज आत घेऊन प्रत्येक भागाला सोसेल एवढीच तो वाटून देतो. तिने असे चाळीसेक डबे उघडले आणि प्रत्येकाच्या मरणाचं कारण वहीत लिहिलं. मेलेल्याचं कारण कळल्याशिवाय जिवंताला हात लावायचा नाही, असं तिने ठरवलं होतं. त्यानंतर दुकान उघडलं.

दुकानाला आठ महिने झाले होते तेव्हा आमची गाठ पडली. मी शाळेत ग्रंथपाल आहे. ग्रंथालयातला कॉम्प्युटर एका सकाळी उठेचना, म्हणून मी तिला बोलावलं. तिने निदान बरोबर केलं, नवा सप्लायही चांगला आणला. फक्त एक केलं. जुन्या सप्लायच्या तारा डब्यापासून सुट्या होणाऱ्या होत्या. त्या कॅबिनेटमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या पेटीत, नीट बसलेल्या होत्या, म्हणून तिने तशाच राहू दिल्या आणि त्यांची टोकं नव्या डब्यात खोचली. टोकं चपखल बसली. तिने बटण दाबलं, आणि जळक्या रबराचा वास आला. डिस्क जळाली होती.

सहा हजार चारशे पुस्तकांची यादी होती त्या डिस्कवर. मी तीन वर्षं टाइप करत होते. दुसरी प्रत नव्हती, हे माझं चुकलं, ते मी आजही कबूल करते.

वॉटमावशीने जळलेली डिस्क हातात धरली, उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाली, "माझ्या हातून गेली. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा, बाई." बस. कंपनीला नाही, विजेला नाही, कुणाला म्हणून बोल लावला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता ती जेवणाचा डबा आणि दोन्ही चष्मे घेऊन ग्रंथालयात हजर. दुकान बंद करून आली होती. आमच्याकडे पुस्तकांची जुनी कार्डं लाकडी खणांत होती. पहिला खण ओढून ती कॉम्प्युटरपुढे बसली आणि दोन बोटांनी टाइप करायला लागली.

साडेचार महिने ती रोज दुपारी येत होती. मी एक खण, ती एक खण. मधेच तिचा शेरा यायचा. "या माणसाने बेचाळीस पुस्तकं लिहिली? घरात कुणी काम सांगत नव्हतं वाटतं याला." किंवा, "हे पुस्तक अठ्ठावीस वर्षांत एकानेच नेलंय, आणि त्यानेही दुसऱ्या दिवशी परत आणलंय." शेवटचं कार्ड झालं त्या दिवशी तिने विचारलं, "आता दुसरी प्रत कुठे ठेवताय?" मी ती तिच्यासमोर काढली, तेव्हाच ती उठली.

त्या दिवसापासून तिच्या दुकानात नियम आहे. नवा सप्लाय हवा असेल तर जुन्याच्या सगळ्या तारा आधी काउंटरवर ठेवायच्या. ती त्या मोजून घेते, मग नवा डबा देते. लोक वैतागतात, हुज्जत घालतात, काही जण उठून दुसरीकडे जातात. ती त्यांना दुसऱ्या दुकानाचा रस्ताही नीट समजावून सांगते.

आता गेल्या महिन्यातली गोष्ट.

आमची लेक चित्रपटासाठी हलती चित्रं करते. कॉम्प्युटरवर माणसं, झाडं, घरं उभी करायची आणि त्यांना चालतं-बोलतं करायचं. ज्या स्टुडिओने तिला गेल्या वर्षी "अजून कच्चं आहे" म्हणून परत पाठवलं होतं, त्यांनी यंदा पुन्हा कामं मागवली होती. सोमवारी दुपारी बारापर्यंत पोचवायची. तिने आठ महिने खपून अकरा मिनिटांची फिल्म केली होती. आता शेवटची पायरी उरली होती, सगळी चित्रं पक्की करून घ्यायची. ते काम कॉम्प्युटर एकटाच करतो, पण त्याला तीस तास लागतात आणि त्या तीस तासांत त्याचा अगदी घाम निघतो.

गुरुवारी दुपारी तिने ते सुरू केलं आणि सात मिनिटांत कॉम्प्युटर बंद. पुन्हा लावला, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा तो उठलाच नाही.

"कॉपी आहे ना?" मी विचारलं. ग्रंथपालाच्या तोंडून दुसरं काय निघणार.

"आहे गं. अकरा दिवसांपूर्वीची."

"आणि मधले अकरा दिवस?"

ती कॅबिनेटकडे पाहत राहिली. शेवटच्या अकरा दिवसांचं काम तेवढं त्या बंद पेटीतल्या डिस्कवर होतं. ती डिस्क शाबूत राहायला हवी होती आणि सोमवारी दुपारच्या आत तीस तास सलग यंत्र चालायला हवं होतं. एवढंच मागणं होतं, पण त्यातलं एकही हातचं जाऊन चालणार नव्हतं.

आमच्या घरात तिसरे म्हणजे लेकीचे बाबा. हे पुस्तकबांधणी करतात. मेण लावलेला दोरा, टोच्या, धारदार पट्टी आणि सरळ रेषा, हे यांचं जग. लेकीचा कॉम्प्युटर तीन वर्षांपूर्वी आला, तेव्हा आतल्या तारांचा गुंता बघून यांना राहवलं नाही. एका सुट्टीत दिवसभर बसून यांनी त्या सगळ्या तारा मागच्या पत्र्याशी मेणदोऱ्याने बांधल्या, पुस्तकाच्या पाठीला घालतात तसे समान अंतरावर टाके घालून. घरी कुणी आलं की हे कॅबिनेटचं झाकण उघडून दाखवायचे. पाहुणे बिचारे "वा" म्हणायचे.

शुक्रवारी सकाळी लेकीने जुना डबा स्क्रू काढून सोडवला आणि आम्ही दोघी तो पिशवीत घालून वॉटमावशीकडे गेलो.

"कसा बंद पडतो?" मावशीने विचारलं. "नुसता बसला असताना, की काम सांगितल्यावर?"

"काम सांगितल्यावर," लेक म्हणाली. "साधं काही टाइप केलं तर चालायचा."

"म्हणजे माझ्या जावयासारखा." मावशीने डबा नाकापाशी नेला, वास घेतला, जवळचा चष्मा लावून जाळीतून आत बॅटरी मारली. "हे बघ, ही नळकांडी. टोपी सपाट हवी, हिची फुगलीय. शेजारचीही. हा उन्हाळ्यातच थकलेला असणार, तुम्हाला आज कळलं. तारा कुठे आहेत याच्या?"

"कॅबिनेटमध्येच. बाबांनी शिवल्यात."

"मग उसवायला सांग. उद्या घेऊन ये." मग माझ्याकडे वळून, "बाई, तुमचा चेहरा का असा?"

मी सोमवारचं सांगितलं. तीस तासांचं सांगितलं. ह्यांनी काल बाजारातल्या मोठ्या दुकानात एक चकचकीत साडेसातशे वॉटचा सप्लाय बघून ठेवला होता, लगेच मिळत होता, तेही सांगितलं. तो घेतला असता तर काम त्याच दुपारी सुरू झालं असतं.

"साडेसातशे?" मावशीने मागच्या फळीवरून तसाच एक डबा काढला. कुणीतरी दुरुस्तीला टाकून परत न नेलेला. "हा का? घे, उचल." तो लेकीच्या एका हातात तिने ठेवला आणि दुसऱ्या हातात आमचा मेलेला डबा ठेवला. "कुठला जड?"

"आपला जुना. बराच."

"आत तांबं आणि लोखंड असलं की वजन येतं. रंगाला वजन नसतं. आता इथे वाच." डब्याच्या कुशीवर आकड्यांचा तक्ता छापला होता. "वरचं साडेसातशे वाचूच नकोस, ते जाहिरातीसाठी असतं. बारा व्होल्टचा रकाना बघ. तुझं चित्रांचं कार्ड आणि प्रोसेसर, दोघंही तिथूनच जेवतात. किती अँपिअर लिहिलेत?"

"चोवीस."

"बारा गुणिले चोवीस?"

लेक ओठ हलवत राहिली. मीच सांगितलं, "दोनशे अठ्ठ्याऐंशी."

"झालं तर. साडेसातशेच्या पाटीखाली दोनशे अठ्ठ्याऐंशी. आता तुझी भूक काढू. कार्डाला एकशेसत्तर, प्रोसेसरला शंभर धर, डिस्क, पंखे आणि बाकीचं मिळून पन्नास. तीनशेवीस. या डब्याला ते एक दिवससुद्धा पेलणार नाही, तू तर सलग तीस तास म्हणतेस." तिने खालच्या कपाटातून एक साधा काळा खोका काढला. वर ना वाघाचं चित्र ना विजेचं. "हा साडेपाचशेचा. बारा व्होल्टला पंचेचाळीस अँपिअर, म्हणजे पाचशेचाळीस खरोखरचे. तुझी भूक याच्या निम्म्याच्या थोडी वर जाते. म्हणजे हा धापा न टाकता चालेल, पंखाही ओरडणार नाही. याच्याहून मोठा हजाराचा घेतलास तर फुकट मिरवशील, बाकी काही नाही."

"पण हा टिकेल कशावरून?" मी विचारलं. मी विचारणारच.

"कंपनी सात वर्षं बदलून द्यायला तयार आहे. तो चकचकीतवाला एक वर्ष म्हणतो. दोघांनाही आपापला माल चांगला ठाऊक आहे." ती खोका उघडू लागली. "आणि कंपनीचं सोडा. हा आधी माझ्या परीक्षेला बसेल, मग तुमच्या घरी येईल."

तिची परीक्षा म्हणजे एक फळी. फळीवर गाडीच्या हेडलाइटचे सहा दिवे ठोकलेले. प्रत्येक दिवा पंचावन्न वॉटचा, सहांचे तीनशेतीस. आमच्या भुकेला अगदी जुळणारे. तिने नव्या डब्याच्या मोठ्या प्लगमधली हिरवी आणि काळी तार एका तुकड्याने जोडली, डबा जागा झाला, सहाही दिवे पेटले आणि ती अरुंद खोली लग्नाच्या मांडवासारखी उजळली. शिंपी दारातून डोकावून म्हणाला, "आज काय, सूर्य विकायला काढला का?"

"तुला काजांचे टाके दिसत नव्हते म्हणून लावलेत," मावशी म्हणाली आणि मीटर लावून आकडा वहीत लिहिला. बारा पूर्णांक शून्य चार.

"उद्या सकाळी आठला या. तोवर हा जळत राहील. आकडा साडेअकराच्या जवळ जरी सरकला, तरी मी हा देणार नाही, दुसरा शोधेन."

"मावशी, एवढा वेळ..." लेक म्हणाली. "आजच नेला तर तीस तास उद्या रात्रीच संपतील."

"आणि आठव्या तासाला तुझ्या घरी मेला तर? इथे मेला तर मरू दे, इथे माझे दिवे आहेत. तिथे तुझी फिल्म आहे." तिने बोटांवर मोजलं. "उद्या दुपारी लावलास तर परवा संध्याकाळी काम पुरं. सोमवारी दुपारी बारा. भरपूर वेळ आहे. जा, आज झोप काढ."

तिचा तो "भरपूर" मी घरी येईपर्यंत मनात घोळवत होते. हे मात्र चिडले. "सगळं उसवायचं? अगं, कंपनी तीच आहे, प्लग तोच आहे. मी स्वतः बघितलंय."

"तिचा नियम आहे."

"नियम ठीक आहे. पण जिथे टोक जसंच्या तसं बसतंय तिथे..."

"माझ्या ग्रंथालयातही जसंच्या तसं बसलं होतं," मी म्हणाले. हे टोच्या घेऊन कॅबिनेटपाशी गेले. मला वाटलं, पटलं.

शनिवारी सकाळी यांनी तारा एका कागदी पिशवीत घालून दिल्या. पाच. आम्ही दोघी आठला दुकानात. दिवे जळत होते, मावशी शेजारी खुर्चीत चहा पीत बसली होती. मीटरवर बारा पूर्णांक शून्य दोन. तिने डब्यावर तळहात ठेवला, मग लेकीलाही ठेवायला लावला. "कोमट ना? गरम नाही. पास."

मग तिने मेलेला डबा हातात घेतला. त्याच्या पाठीला तारा खोचायची दहा भोकं होती. "बघ. पाच भोकं स्वच्छ आहेत, बाकीच्यांत धूळ बसलीय. म्हणजे पाच तारा लागलेल्या होत्या." पिशवी काउंटरवर रिकामी केली. एक, दोन, तीन, चार, पाच. "बरोबर." मी सारखी घड्याळ बघत होते, ते तिला दिसत होतं. तिने नवा डबा त्याच्या स्वतःच्या तारांसकट आमच्या हवाली केला.

घरी पोचलो तर यांनी जागा तयार करून ठेवली होती. लेकीने डबा बसवला, चार स्क्रू आवळले. मोठी तार, प्रोसेसरची, कार्डाच्या दोन. "डिस्कची मी लावलीय," हे म्हणाले, "मागच्या बाजूने हात जात नाही तुझा." लेक मान हलवून पुढे आली. झाकण लागलं. प्लग भिंतीत गेला. तिने बोट बटणाकडे नेलं, आणि माझा फोन वाजला.

मी पहिल्या रिंगला फोन उचलते. काळजीखोर माणसाचा तेवढा एक फायदा.

"बाई, बटण लावलं?" वॉटमावशी.

"आत्ता लावतेय."

"हात मागे घ्यायला सांगा. कुणी काही दाबायचं नाही. प्लग भिंतीतून काढा. मी निघाले."

मी प्लग उपटला. का ते विचारलं नाही. तो हातात धरून उभी राहिले.

"काय झालं?" लेकीचा चेहरा उतरला होता.

"माहीत नाही. ती येतेय."

"अगं, मग तो प्लग तरी ठेव खाली," हे म्हणाले.

"नाही ठेवणार."

वीस मिनिटं मी तशीच उभी होते. हे दोनदा खिडकीपाशी जाऊन आले. दुसऱ्या वेळी परत आले, तेव्हा मी यांच्याकडे पाहिलं, आणि यांनी माझी नजर टाळली. तेवीस वर्षांच्या संसारात एवढं कळतं.

मावशी अ‍ॅप्रनवरच आली होती. दुकान बंद करून, जिना चढून, थोडी धापा टाकत. तिने खिशातून एक तार काढली आणि टेबलावर ठेवली. ती आमच्याच पिशवीतली होती.

"तुम्ही गेल्यावर मी या गुंडाळत बसले," ती म्हणाली. "चार तारा मळलेल्या होत्या, त्यांना कोपऱ्यांशी बाक आलेला. तीन वर्षं पत्र्याला लागून राहिल्या की येतो. ही पाचवी बघा. धुळीचा कण नाही, आणि घड्या कारखान्यातल्या. ही कधी कुठल्या कॅबिनेटमध्ये गेलेलीच नाही. जुन्या खोक्यात जास्तीची म्हणून आली असणार." तिने लांबचा चष्मा लावला आणि यांच्याकडे बघितलं. "बाइंडरसाहेब, खरी पाचवी कुठे आहे?"

यांनी कॅबिनेटच्या मागच्या बाजूवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "बाकीच्या चार टाक्यांतून ओढून निघाल्या. ती सगळ्यात आत होती. मधल्या ओळीत. ती काढली असती तर सगळी ओळ गेली असती. प्लग बसत होता, म्हणून मी..."

"बाबा," लेक एवढंच म्हणाली.

मावशी रागावली नाही. तिने झाकण काढायला लावलं, डिस्कच्या तारेचं टोक डिस्कमधून सोडवलं आणि यांच्यासमोर धरलं. "आता डिस्क सुटी आहे. बाई, द्या तो प्लग भिंतीत." मी दिला. तिने यंत्राचं बटण दाबलं आणि मीटरचे दोन काटे त्या टोकाच्या पट्टीवर ठेवले. "या जागी डिस्कला पाच व्होल्ट हवेत. वाचा तुम्हीच."

हे वाकले. मीटरवर बारा होते. मावशीने यंत्र बंद केलं आणि प्लग काढून पुन्हा माझ्या हातात दिला.

"डब्याच्या बाजूला कुठल्या खाचेतून काय सोडायचं, ते प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवते. कंपनी तीच असली, तरी मॉडेल बदललं की तेही बदलतं. टोकं मात्र सगळ्यांची सारखीच दिसतात. दिसण्यावर मीही गेले होते. सहा हजार चारशे कार्डं टाइप केली दोन बोटांनी. विचारा यांना."

हे उठले. आतून बांधणीची पट्टी घेऊन आले. कॅबिनेटच्या मागच्या बाजूला गुडघ्यांवर बसले आणि स्वतःच्या हाताने एकेक टाका कापला. मधली ओळ, मग वरची, मग खालची. मेणदोऱ्याचे तुकडे फरशीवर पडत होते. जुनी तार बाहेर आली ती तिच्या बाकासकट, धुळीसकट. यांनी ती मावशीच्या हातात दिली.

"चुकलो," हे म्हणाले. मग लेकीकडे बघून पुन्हा, "चुकलो गं."

"मोजणीत बसावी म्हणून दुसरी घातलीत, ते जास्त चुकलं," मावशी म्हणाली. "नाही देत म्हणाला असतात, तर मी येऊन तुमच्याशी भांडले असते, तेवढंच. भांडणाने डिस्क जळत नाही." मग तिने नव्या सप्लायच्या खोक्यातली डिस्कची तार काढली, डब्याला लावली, यंत्र पुन्हा चालू करून तिच्या टोकावर मीटर धरला. पाच. शेजारच्या जागी बारा. यंत्र बंद करून तिने ते टोक डिस्कमध्ये खोचलं आणि सगळी टोकं एकदा दाबून पाहिली. "आता लाव."

लेकीने बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा उजळला. तिने आधी डिस्क उघडली आणि यादीतल्या शेवटच्या तारखेवर बोट ठेवलं. परवाची होती. अकराच्या अकरा दिवस जागेवर होते. मी खाली बसले, एवढा वेळ उभी असल्याने पाय दुखत होते.

काम सुरू झाल्यावर मावशी लगेच गेली नाही. सातवं मिनिट गेलं, पंधरावं गेलं. तिने डब्याच्या मागे हात धरून हवा तपासली. "कोमट," ती म्हणाली. हे तोवर नवा दोरा ओवत होते.

"आता पुन्हा शिवणार?" मी विचारलं.

"यंत्र चालू असताना नाही," मावशीने यांच्याऐवजी उत्तर दिलं. "सोमवारी दुपारी बारानंतर शिवा. आणि डब्यापाशी येणारी टोकं मोकळी सोडा. मला मोजता आली पाहिजेत."

हे हसले. दोन दिवसांत पहिल्यांदा.

यंत्र रविवारी संध्याकाळी सव्वासहाला थांबलं, काम पुरं करून. लेकीने अकरा मिनिटं आम्हा दोघांना समोर बसवून दाखवली. मला त्यातलं कच्चं काय ते कळत नाही, पण शेवटी पडदा काळा झाल्यावर यांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसत राहिले. सोमवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी फिल्म गेली. पलीकडून पोचल्याची पावती आली तेव्हा साडेदहा झाले होते. निवड होईल की नाही ते पुढच्या महिन्यात कळेल. मला वाटतं, होईल. मी सहसा असं बोलत नाही.

पावती आल्याबरोबर मी वॉटमावशीला फोन केला. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "आता दुसरी प्रत कुठे ठेवलीय?"

मी लेकीकडे फोन दिला. लेकीने मागच्या खोलीत जाऊन कपाटातली डिस्क आणली, जोडली आणि कॉपी पूर्ण होईपर्यंत मावशी फोनवर थांबली.